धाकटीचे निळे झेंडे

माझ्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई आडून आडून बोलते. जावा जावा उभा दावा म्हणतात ते काही उगीच नाही. पण आमचा दावा ना दागिन्यावरनं झाला, ना वाटणीवरनं, ना सासूबाईंनी कुणाला कुठली साडी दिली त्यावरनं. तो झाला पाणथळ जागेची हद्द कुठून जाते यावरनं. आता हे कुणाला सांगायचं? माहेरी जाऊन आईपाशी मन मोकळं करायला बसले तर ती म्हणाली, "चिखलावरनं भांडताय व्हय गं? शिकल्यासवरल्याली माणसं तुमी!"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे कायम नाही. दर वर्षी जून आला की नव्यानं मुलाखत, नव्यानं फाईल, आणि बाहेरच्या बाकावर नव्यानं बसणं. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी दुसऱ्या कॉलेजांत कायम झाल्या, त्यांच्या लेकरांच्या बारशाला मी जाऊन आले, पण माझा बाक काही सुटला नाही.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. त्यानं आपल्या पसंतीनं केली. पार कर्नाटकाच्या सीमेला लागून माळावर गाव आहे तिचं, माहेरी सगळे कन्नड बोलतात. आल्या दिवसापासून ती मला "अक्का" म्हणते, आणि ते इतकं गोड म्हणते की रागवायची सोयच ठेवत नाही. शेतकी कॉलेजातनं पदवी घेतलेली, त्यातही मातीचा अभ्यास. लग्नानंतर घरीच होती. घरीच होती तोवर आमचं बरं चाललं होतं.

गेल्या थंडीत आमच्या कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला. पाणथळ जागा ओळखायचं आणि त्यांची हद्द आखायचं प्रशिक्षण, आठवडाभर. आता अशा जागांना कायद्याचं संरक्षण असतं. रेघेच्या आत भराव टाकता येत नाही, बांधकाम करता येत नाही, म्हणून रेघ नेमकी कुठून जाते ते ठरवायला शिकलेली माणसं लागतात. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की जिल्ह्याच्या सर्वेक्षणासाठी प्रशिक्षणार्थींमधनं एकाची पूर्णवेळ नेमणूक होईल. पूर्णवेळ! मी तो शब्द उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचला. तळी, डोह, केंदाळ, पाणकणीस यांत माझा सगळा जन्म गेलेला. ही जागा माझ्यासाठीच काढली असं मला वाटलं, आणि का वाटू नये?

जेवताना मी घरात सांगितलं. जरा मिरवूनच सांगितलं. धाकटी भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "अक्का, मातीचं पण असतंय काय त्यात?"

"असतंय की," मी म्हटलं. निघून गेलं तोंडातनं.

"मग मी येऊ काय?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी निकाल दिला. "दोघीबी जा की. एकाच गाडीवर बसून जा. ती तरी किती दीस घरात बसंल?"

झालं. आयत्या बिळावर नागोबा. कागद मी बघितला, अर्ज मी आणला, गाडी माझी, आणि मागच्या सीटवर ही.

वर्गात वनरक्षक होते, तलाठी होते, पक्षी बघत हिंडणारे एक-दोन मास्तर होते. बहुतेक सगळे कोल्हापूरचे नाहीतर नदीकाठच्या गावांतले. शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. साठी उलटलेले, मितभाषी, आणि वर्गातसुद्धा गमबूट घालून बसणारे. ते म्हणाले, पाणथळ जागा ठरवायची तर तीन गोष्टी बघायच्या. तिथं उगवतं काय, माती कसली आहे, आणि पाणी किती दिवस राहतं. तिन्ही जुळल्या तरच रेघ मारायची.

पहिला दिवस झाडांचा होता, म्हणजे माझाच. सरांनी टेबलावर गवतं, लव्हाळे, पानं मांडली आणि मी धडाधड नावं सांगत गेले. तलाठी मंडळी आ करून बघत होती. सर म्हणाले, "अडलं तर या बाईंना विचारा." त्या दिवशी घरी जाताना मी सगळ्यांसाठी कांदाभजी घेतली. धाकटीला तर तळलेल्या मिरच्या जास्तीच्या दिल्या. माणूस खुशीत असलं की किती चांगलं वागतं बघा.

दुसऱ्या दिवशी माती निघाली.

जमिनीत गिरमीट फिरवून खालची माती वर काढायची, थोडं पाणी लावायचं, आणि रंगांच्या पट्ट्यांचं एक पुस्तक असतं त्याच्याशेजारी धरून रंग जुळवायचा. जिथं पाणी फार दिवस साचतं तिथली माती करडी पडते आणि मुळांच्या कडेनं गंजासारखे ठिपके येतात. ऐकायला सोपं आहे. पण आमची काळीभोर माती! मला वरची काळी दिसली, खालची काळी दिसली, आणि त्याच्याखालची त्याहून काळी. धाकटीनं ढेकूळ हातात घेतलं, बोटानं फोडलं, पुस्तक न बघताच म्हणाली, "ह्यात करडं आहे की अक्का. हे बघा, मुळाजवळ तांबूस पण आलंय." सरांनी पुस्तक उघडून जुळवलं. तंतोतंत तोच रंग.

मला आठवलं, सासूबाई ब्लाउजपीस आणायला मॅचिंग सेंटरला नेहमी हिलाच घेऊन जातात. मला म्हणतात, "तुजं ऱ्हाऊंदे, तुला मोरपंखी आणि हिरवा एकच वाटतोय." तेव्हा मी हसले होते. आता हसू येईना.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर? दुपारी डबे उघडले. पहाटे उठून भरल्या वांग्याची भाजी मी केली होती, मी! हिनं काय केलं, तर माहेरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोपऱ्यात ठेवली. सरांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "वा! ही चटणी कुणाची?" चटणीची चौकशी झाली, कृती विचारली, भाकरी किती दिवस टिकते ते विचारलं. माझं वांगं तसंच तेलात बसून राहिलं. सरांनी ते खाल्लं, नाही असं नाही. पण काही बोलले नाहीत.

मग आम्हाला नदीवर नेलं. पंचगंगेनं कधीतरी वळण बदललं आणि मागं एक डोह उरला आहे, त्याच्या चारी बाजूंनी ऊस. सरांनी प्रत्येकाला तारेचे छोटे झेंडे दिले, ज्याचा त्याचा रंग वेगळा. माझे गुलाबी, हिचे निळे. सगळ्यांनी आपापली रेघ आखायची आणि जाईल तिथं झेंडे रोवत जायचं. सर बाभळीखाली खुर्ची टाकून बसले.

आता इथं आमच्या पेठेचं सांगायला पाहिजे. आमची गल्ली नदीकडची. मोठा पूर येऊन उतरला की चिखल काढून झाल्यावर लोक पहिलं काम काय करतात? ऑईलपेंटचा डबा आणतात आणि पाणी जिथवर आलं तिथं भिंतीवर रेघ ओढतात. आमच्या दारातली लाल आहे, शेजारच्या काकूंची हिरवी. पाव्हणं आलं की आधी रेघ दाखवायची, मग चहा. "हितवर आल्तं बघा पाणी," असं सांगताना माणसाच्या आवाजात दुःख असतं आणि थोडा तोराही असतो. ज्याची रेघ वर, त्याचं बोलणं खरं.

तर आम्ही सगळ्यांनी तेच केलं. बाभळींच्या फांद्यांत पुरानं अडकवलेलं प्लास्टिक आणि चिंध्या लोंबत होत्या. आमची फौज सरळ वर चढली आणि त्या चिंध्यांच्या रेघेत झेंडे रोवून मोकळी झाली. वनरक्षक, तलाठी, मास्तर, मी, सगळे. कुणाला शंका म्हणून आली नाही. धाकटी तेवढी एकटी खाली, डोहाच्या कडेला, गुडघ्यापर्यंत चिखलात, गिरमीट फिरवत. मला मनातनं बरंच वाटलं. म्हटलं, चुकली बाई एकदाची.

सर उठून आले. म्हणाले, "इथवर पाणी आलं होतं, खरं आहे. पण राहिलं किती दिवस?"

आम्ही एकमेकांच्या झेंड्यांकडं बघायला लागलो.

"ही पुराची रेघ झाली. पाणी आलं आणि गेलं. आपल्याला ते मुक्काम कुठं करतं ते पाहिजे." आणि त्यांनी खाली, निळ्या झेंड्यांकडं बोट केलं.

बाकीच्यांनी निमूट झेंडे उपटले आणि उतरले खाली. मला ते जमेना. मी म्हटलं, "सर, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आलं म्हणजे आलं."

"तुमच्या घरात आलं, म्हणून तुमचं घर पाणथळ झालं का?"

सगळे हसले. धाकटी हसली नाही, हे मला तेव्हाही दिसलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मी वाद घातला. लव्हाळा दाखवला. सर म्हणाले, लव्हाळा तर कुठल्याही शेतात येतो. ते मला माहीत नाही होय? दर वर्षी मीच शिकवते ते! पण आता माघार कशी घ्यायची? मी म्हटलं, "गुण कापायचे तर कापा. झेंडे हलणार नाहीत." सरांनी खांदे उडवले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

परत येताना गाडीवर मागनं आवाज आला. "अक्का, तुमचं पण चूक नाही बघा. पुरात राहिलेल्या माणसाला तसंच दिसणार. आमच्या माळावर पाणी प्यायलाच कमी, मला कुठं पुराचं माहीत?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. समजूत काढायला मी काय हिची विद्यार्थिनी? पुढचा स्पीडब्रेकर मी ब्रेक न दाबता घेतला. मागं "अय्यय्यो" झालं. जिवाला जरा थंड वाटलं.

शेवटच्या दिवशी तपासणी होती. एकानं आखलेली रेघ दुसऱ्यानं चालून बघायची, प्रत्येक झेंड्यापाशी पुन्हा उकरायचं आणि जमत नसेल तर सांगायचं. या कामाची रीतच तशी आहे. जोड्या सरांनी लावल्या आणि आम्हा दोघींना एकत्र घातलं. मी इतकं मन लावून परीक्षेचे पेपरसुद्धा कधी तपासले नसतील. प्रत्येक निळ्या झेंड्यापाशी बसले, उकरलं, वास घेतला, रंग जुळवला. बरोबर. पुढचा, बरोबर. त्याच्या पुढचा, बरोबर. इतकं कुणी बरोबर असतं का?

आणि मग उसाच्या कडेला आले.

तिथं हिची रेघ डोह सोडून एकदम वर उसात घुसली होती. एका तुकड्यात ऊस पिवळा पडून खुरटला होता आणि मधे पाणकणीस, लव्हाळा, पायाखाली पचपच. उकरलं तर माती करडी, वाससुद्धा डोहाचाच. हिनं तो सगळा तुकडा पाणथळ धरला होता. मी पण धरला असता. पण तेवढ्यात शेतीची लाईट आली. कुठंतरी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझ्या पायापाशी चिखलातनं बुडबुडे यायला लागले.

पाइप! उसाला नदीचं पाणी नेणारी पाइपलाइन जमिनीतनं जाते, तिचा सांधा तिथं गळत होता. वर्षानुवर्षं गळत असणार. मी उसातच जन्मले आणि वाढले. मोटर चालू झाली की बुडबुडे आणि बंद झाली की गप्प, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गळक्या पाइपनं झालेली दलदल धरायची नाही, पाइप दुरुस्त केला की ती आटते. पण माळावरच्या माणसाला बुडबुडे कसे कळणार?

मी काय ओरडले म्हणता! "सर! सगळे इकडं या! या, या, बघा!" चिखलात उभी राहून मी हात हलवत होते. इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

सगळे जमले. सर वाकले, बुडबुडे बघितले, मान हलवली. "बरोबर. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

मी धाकटीकडं बघितलं. म्हटलं, आता बोल. आता वाद घाल माझ्यासारखी. ती खाली बसली, हात चिखलात घालून सांधा चाचपला आणि म्हणाली, "म्हणजे मोटर बंद केली तर हे आटतंय?"

"आटणार न्हाई तर काय?"

"अय्यो, मग माझं सगळंच चुकलं की." आणि तिनं सगळ्यांसमोर आपले झेंडे उपटायला सुरुवात केली. तोंड उतरलं नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मूठभर निळे झेंडे घेऊन खाली आली आणि मला विचारते, "इथं लावू का अक्का? का अजून खाली?"

आणि मी येडी, दाखवत गेले की! शिकवायची खोड हाडात मुरलेली. "हितं न्हाई, जरा पलीकडं, जिथं मूळचं पाणकणीस लागतंय तिथं." पार शेवटच्या झेंड्यापर्यंत गेले तिच्याबरोबर. सर लांबनं बघत होते. मला वाटलं, मलाच बघतायत.

दुपारी त्यांनी नाव सांगितलं. धाकटीचं.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगू कुणाला? पण मग राहवेना. सर गाडीत सामान ठेवत होते तिथं जाऊन मी विचारलंच. "सर, पाइप कुणी शोधला?"

"तुम्ही."

"मग?"

त्यांनी गमबूट काढून झटकले. "बाई, दुसऱ्याची चूक तुम्हाला लगेच दिसते. त्यांनी स्वतःची चूक स्वतःच्या हातानं उपटली. माती सांगेल तशी रेघ रोज हलवायची, हेच काम आहे. तुमचे झेंडे अजून बाभळीखालीच आहेत."

होतेच. तिथनं दिसतसुद्धा होते, गुलाबी गुलाबी.

"आणि तिथंच राहतील," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली. ती सुरू व्हायलाही वेळ लागला. वाटेत स्पीडब्रेकर मात्र मी सगळे हळू घेतले. मागं आता पूर्णवेळ नोकरी बसली होती आणि ती माझ्या गाडीवरनं पडली असती तर बोल मलाच लागला असता.

पुन्हा जून येणार होता. फाईल परत काढायची, परत तो बाक. रस्ताभर मला तो बाकच दिसत होता.

घरी दिरानं पेढे आणून ठेवले होते. सासूबाईंनी पुडा माझ्या हातात दिला. "थोरले, तूच वाट गल्लीत. घरातली मोठी तू हाईस."

काय म्हणणार? घेतला आणि निघाले. पहिलं घर काकूंचं. त्या हिरव्या रेघेला टेकून उभ्या होत्या. पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "धाकटीला नोकरी लागली म्हणं! तूच शिकवलं आसंल की तिला. तुजं त्येच काम न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय की. मीच शिकवलं. न्हाईतर तिला काय येतंय?"

मागं चपलेचा आवाज आला. धाकटी दुसरा पुडा घेऊन उभी होती. ऐकलं होतं तिनं, सगळं. मी म्हटलं, बरं झालं. आता हसंल, नाहीतर तोंड वाकडं करंल, नाहीतर काकूंना बाभळीखालचे झेंडे सांगंल. काहीतरी करंलच. मी तिच्या तोंडाकडं बघत वाट बघत राहिले.

"व्हय काकू," ती म्हणाली. "अक्कांनीच शिकवलं. पाइपचं पाणी कुठलं आणि डोहाचं कुठलं, मला काय ठाऊक होतं? त्यांनी झेंडा झेंडा करून दाखवलं, म्हणून लागलं माझं नाव."

टोमणा असेल म्हणून मी तिचा चेहरा नीट बघितला. नव्हता. खरंच तसं वाटत होतं तिला. नोकरी गेली ते मी गिळलं असतं हो. बाकावर बसायची मला सवय आहे. पण निदान नावं ठेवायला तरी काहीतरी जागा ठेवायची होती बाईनं माझ्यासाठी. तेवढीही ठेवली न्हाई.

"नशीब काढलंस बघ थोरले," काकू म्हणाल्या. "आशी जाऊ कुणाला मिळतीया?"

मी म्हटलं, "आणखी एक पेढा घ्या, काकू."